नोव्हेंबरअखेर नागझिरा: गवत उंच, पाणी सगळीकडे. काय पाहायचं, कसं पाहायचं?

चौघांची_सहल
नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागझिऱ्याला जायचं ठरतंय. पिटेझरी गेटवरून दोन सकाळच्या सफारी, एक दुपारची. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील असल्यामुळे एप्रिल-मे बाद. विदर्भातलं ते ऊन त्यांना झेपणार नाही. पण ज्याला विचारावं तो म्हणतो की दिवाळीनंतर जंगल दाट असतं, काही दिसत नाही, पैसे पाण्यात जातील. वाघ दिसलाच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. तीन फेऱ्यांत गवत आणि झाडंच बघून परत यायचं नाही, एवढीच इच्छा. या दिवसांत नेमकं कुठे थांबायचं, कशाकडे बघायचं आणि प्राण्यांचे आवाज कसे ओळखायचे? घरी १०x५० ची जुनी दुर्बीण आहे, ती चालेल की नवी घ्यावी? थंडीचा अंदाजही सांगा.

ऐनाची_साल
मे महिन्यात नागझिऱ्यात प्राणी वाढत नाहीत, पाणी आटतं. म्हणून सगळे चार-दोन पाणवठ्यांवर गोळा होतात आणि ‘दिसतात’. नोव्हेंबरअखेर प्रत्येक नाल्यात, डबक्यात पाणी असतं. त्यामुळे उन्हाळ्यातली युक्ती, म्हणजे पाणवठ्यावर जिप्सी लावून बसणं, या दिवसांत फारशी कामाची नाही. त्यात साग अजून पानावर असतो. आपल्याकडच्या कोरड्या जंगलात पानगळीचा खरा जोर जानेवारी उलटल्यावर. आणि गवत ठिकठिकाणी जिप्सीच्या बोनेटच्या वर.

मग वेळेचं गणित बदलायचं. या आठवड्यात तिकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचलाच मावळतो. सकाळचा पहिला तास रस्त्याचा. रात्रभर दव पडून गवत चिंब झालेलं असतं, आणि वाघ-बिबटे अशा गवतातून चालण्यापेक्षा गाडीरस्ता पसंत करतात, हे तिथला कुठलाही गाइड सांगेल. म्हणून गेट उघडल्यावर जी गाडी आधी आत शिरते तिला फायदा. पण तिने चाळीसच्या वेगाने पळवलं तर तो फायदाही जातो. वीसच्या आत ठेवा, आणि वळण आलं की त्याच्या आधीच वेग कमी करायला सांगा. वळणापलीकडचा प्राणी इंजिनाच्या आवाजाने नाही, एकदम समोर आलेल्या आकाराने बुजतो.

आठ ते साडेनऊ हा वेळ उन्हाचा. रात्रभर गारठलेले चितळ, गवे, वानरं कोवळ्या उन्हात येऊन उभी राहतात. गाइडला सांगायचं, कुरणाच्या ज्या कडेवर पहिलं ऊन पडतं तिथे घे. सूर्य पूर्वेला म्हणजे कुरणाची पश्चिमेकडची कड आधी उजळते, आणि सूर्य तुमच्या पाठीशी राहतो. जाळरेषेसाठी (वणवा पसरू नये म्हणून मोकळा ठेवतात तो पट्टा) गवत कापायला सुरुवात झाली असेल तर तो पट्टा सोडू नका. दोन्ही बाजूंना भिंतीसारखं गवत आणि मध्ये मोकळी पट्टी, त्यामुळे ओलांडणारं प्रत्येक जनावर काही सेकंद तरी उघड्यावर येतं.

दुपारच्या फेरीत पहिला तास बहुतेक कोरडा जातो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पावणेपाचला तलावाच्या काठी असा. शेवटची चाळीस मिनिटं महत्त्वाची, आणि नेमका त्याच वेळी ड्रायव्हर गेट गाठायच्या घाईत असतो. परतीचं अंतर आधीच विचारून ठेवलं तर ती घाई टळते.

गवतात कसं बघायचं हे वेगळं शिकावं लागतं. नजर गवतावर न ठेवता गवताच्या मागे टाकायची. जंगलात बहुतेक रेषा उभ्या असतात: खोडं, काड्या, सावल्या. आडवी रेषा दिसली की थांबायचं, ती पाठ असू शकते. पूर्ण प्राणी शोधू नका. कान हलतो, शेपटीखालचा पांढरा भाग चमकतो, शिंगाचं टोक काडीपेक्षा जरा जाड दिसतं, एवढ्यावर दुर्बीण लावायची. आणि आधी जवळचं, मग दूरचं. सगळे क्षितिज धुंडाळत बसतात आणि दहा फुटांवरचा रातवा पक्षी पाचोळ्यात बसलेला सुटतो.

कान_उघडे
वरच्या प्रतिसादाला +१, फक्त आवाजांची भर घालतो. या मोसमात डोळ्यांपेक्षा कानच जास्त कमावतात.

चितळाची धोक्याची हाक बारीक, तीक्ष्ण, शिट्टीकडे झुकणारी. चितळ कशालाही ओरडतो: रानकुत्रा, माणूस, कधी नुसती हललेली फांदी. एकदोनदा ओरडून कळप पुन्हा चरायला लागला तर सोडून द्या. पाच-सात मिनिटं हाक चालू आहे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, एखादी मादी पुढचा पाय उचलून आपटतेय, असं असेल तर गाडी थांबवा.

सांबराची हाक म्हणजे मोठा घुमणारा ‘ढांक’. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. दिसलेला वाघ-बिबट्या नजरेआड होईपर्यंत ते शेपूट उभारून तिथेच उभं राहून ढांकत राहतं. म्हणून सांबराच्या हाकेचं वजन जास्त.

वानराचे दोन आवाज वेगळे करा. नराचा लांबवर जाणारा ‘हूप-हूप’ सकाळी नेहमीच ऐकू येतो, तो टोळीचा हद्दीचा पुकारा. त्याचा धोक्याशी संबंध नाही. धोक्याचा आवाज खरखरीत, खोकल्यासारखा, ‘खॅक... खॅक-खर्र’. वानर झाडाच्या शेंड्यावर असल्यामुळे त्याला गवताच्या आतलं दिसतं, आपल्याला नाही. तेव्हा आवाजाकडे बघायचं नाही, वानर कुठे बघतंय तिकडे बघायचं. शेंड्यावरच्या दोन वानरांच्या नजरा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा गाइडला दाखवा, पुढचा अंदाज तो बरोबर बांधेल.

भेकर एकदा भुंकायला लागलं की अर्धा तासही भुंकेल. मोराची ओरड तर निम्म्या वेळा काहीच सांगत नाही. पण मोर आणि सांबर एकाच जागेवरून ओरडले तर ते गंभीरपणे घ्या.

हाक आली की गाड्या थेट हाकेकडे धावतात. हे चुकतं. हाक देणारा सांबर उभा असतो, ज्याला बघून तो ओरडतोय ते जनावर चालत असतं, आणि बहुधा नाल्यानाल्याने चालतं. गाइडला विचारा की हा नाला पुढे कुठे रस्ता ओलांडतो. त्या ओलांडणीच्या अलीकडे साठ-सत्तर मीटरवर, वाट अडणार नाही अशी गाडी लावायची, इंजिन बंद, बोलणं बंद. निदान पंधरा-वीस मिनिटं. हाका अचानक थांबल्या म्हणजे संधी गेली असं नाही. जनावर बसलं असेल किंवा झाडीत शिरून नजरेआड झालं असेल.

आणखी एक. वानरांच्या झाडाखाली चितळांचा कळप दिसला तर तिथे वेळ काढा. वानरं पाला, फळं खाली टाकतात, चितळ खातात. वरून डोळे, खालून नाक. अख्ख्या जंगलात यापेक्षा चांगली राखण नाही, आणि आपण तिच्याशेजारी फुकटात बसतो.

ऐनाची_साल
@कान_उघडे, नाल्याचं पटलं, पण प्रत्येक हाकेला वीस मिनिटं दिली तर यांची सकाळ दोन हाकांत संपेल. तीनच फेऱ्या आहेत. चितळाच्या एकट्या हाकेला पाच मिनिटं, सांबर किंवा वानर सामील असेल तरच वीस, असा हिशेब ठेवा.

कान_उघडे
मान्य.

धुळीतली_खूण
जनावर दिसलं नाही तरी ते येऊन गेलेलं वाचता येतं, आणि त्यासाठी मे महिन्यापेक्षा नोव्हेंबर बरा. मे मधली धूळ पिठासारखी भुरभुरीत, ठसा लगेच ढासळतो. आता दवाने धूळ बसलेली असते, ठसा कडांसकट उमटतो. सकाळी नऊच्या आत बघा, कारण तिरप्या उन्हात ठशाला सावली पडते. डोक्यावर ऊन आलं की तोच ठसा दिसेनासा होतो. खाली उतरायला परवानगी नसते, त्यामुळे गाइडच्या बाजूला बसून दुर्बिणीने रस्त्याची कड बघत जायची.

ठसा किती जुना हे तीन गोष्टींवरून ठरतं. त्यावर टायरची नक्षी आहे का? असेल तर निदान शेवटच्या गाडीच्या आधीचा. झाडावरून ठिबकलेल्या दवाचे बारीक खड्डे ठशाच्या आत पडलेत का? असतील तर पहाटेच्या आधीचा; खड्डे आजूबाजूला आहेत पण ठशात नाहीत, तर अगदी ताजा. आणि किड्यांची नक्षी ठशावरून गेली आहे का, हे तिसरं.

मांजरकुळाची नखं चालताना आत असतात, कुत्र्या-तरसांची उमटतात. ही पहिली चाळणी. त्यानंतर आकार: मोठ्या वाघाचा ठसा रुंदीला १२ ते १५ सेंटिमीटर, बिबट्याचा साधारण ७ ते ९. या दोन्हींच्या मधलं माप आढळलं तर ते वाघाचं मोठं पिल्लू असू शकतं, आजूबाजूला आईचे ठसे शोधा. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा. अस्वलाचा मागचा पाय थेट माणसाच्या अनवाणी पावलासारखा, फक्त पुढे लांब नखांच्या खुणा. ठशावरून नर-मादी छातीठोकपणे सांगणाऱ्यावर फार विसंबू नका. ओल्या मातीत तोच पंजा मोठा उमटतो. पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत देशाने २००५-०६ च्या सुमारास सोडली, त्यामागे ही अडचण होतीच. आता कॅमेऱ्यात आलेल्या पट्ट्यांवरून ओळख पटवतात.

विष्ठाही वाचा. रस्त्याच्या तिठ्यावर एकाच जागी बऱ्याच लेंडांचा ढीग, त्यात केस, ही रानकुत्र्यांची सामाईक जागा. बारीक लेंड्यांचा एकाच ठिकाणी थर चढलेला असेल तर चौशिंगा. दगडावर बियांनी भरलेली विष्ठा उदमांजराची. रानबोरं पिकायला लागली की अस्वलाच्या विष्ठेत बोराच्या आठळ्या दिसू लागतात. त्याच सुमारास, नोव्हेंबर ते जानेवारीत, अस्वलाची मादी कपारीत पिल्लांना जन्म देते, त्यामुळे ती कमी दिसते आणि दिसली तर चिडलेली असते.

आता दोन गोष्टी ज्यांवरून पाहुणे दरवेळी घाबरतात. सांबराच्या गळ्याखाली केस गेलेला, ओलसर, रक्ताळल्यासारखा चट्टा दिसेल. जखम नव्हे, या मोसमात तो बऱ्याच सांबरांना असतो. आणि चितळाच्या बऱ्याच नरांची शिंगं आता मखमलीसारख्या कातडीतली, जाड बोथट दिसतील, ती तुटलेली नाहीत, वाढताहेत. सांबराचं उलट, त्याचा माजाचा काळ हाच, शिंगं कडक आणि घासून टोकदार. नर चिखलात लोळतो, मग मागच्या पायांवर उभा राहून झाडाला अंग घासतो. नाल्याकाठच्या खोडावर माणसाच्या डोक्याच्या वर वाळलेला चिखल लागलेला दिसला तर तो त्याचाच.

कोळिष्टकांकडेही लक्ष असू द्या. मोठा जंगली कोळी या दिवसांत पायवाटांवर आडवं, पिवळसर झाक असलेलं जाळं लावतो. सकाळी जाळं शाबूत म्हणजे रात्रीतून त्या वाटेने मोठं काही गेलेलं नाही.

चौघांची_सहल
बापरे, इतकं सविस्तर! एक शंका. गाइडला वायरलेस-फोनवर ‘तिकडे वाघ’ कळलं की तो गाडी पळवणारच ना? त्याला कसं सांगायचं? आणि पक्ष्यांबद्दल कोणी लिहील का, वडिलांना त्याची आवड आहे.

मामा_तलाव
भाऊ, गाइडला गेटच्या आत गेल्यावर नाही, गेटवरच सांगायचं. साध्या शब्दांत: ‘वाघ नाही दिसला तरी चालेल, गाडी हळू, थांबत थांबत, पक्षी दाखवा.’ ही पोरं आजूबाजूच्या गावांतलीच आहेत, जंगल त्यांना पाठ आहे. वाघ नाही दाखवला तर पाहुणा नाराज होईल याच धास्तीने ती पळवतात. ती धास्ती काढली की त्यांचं खरं ज्ञान बाहेर येतं.

पक्ष्यांसाठी साडेसात ते दहा हा वेळ. हिवाळ्यात बरेच किडेखाऊ पक्षी मिश्र थव्याने फिरतात. वीस मिनिटं जंगल सुनसान, आणि मग एकाच झाडावर आठ-दहा जाती. थवा ओळखायचा तो कोतवालावरून. तो वर उघड्या फांदीवर बसून इतरांनी उठवलेले किडे टिपतो. नागझिऱ्यात त्या जागी बऱ्याचदा भृंगराज असतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसाचे चमचे. तो दुसऱ्यांच्या नकला करतो, शिकऱ्याचीसुद्धा, तेव्हा आवाजावरून लगेच वहीत नोंद करू नका. कोतवाल दिसला की इंजिन बंद. मग क्रमाने: शेंड्यावर निखार (नर लाल, मादी पिवळी), मधल्या फांद्यांत सुभग आणि वल्गुली, खोडावर सुतार, आणि खोडावरून डोकं खाली करून उतरणारा तो शिलींध्री. थवा पाच-दहा मिनिटांत सरकतो. मागे लागण्यापेक्षा त्याच्या दिशेने रस्त्यावर थोडं पुढे जाऊन थांबावं.

नवरंग आता मिळणार नाही, तो दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्याऐवजी हिवाळी पाहुणे बघा: नाल्यातल्या दगडावर शेपूट हलवणारा पिवळ्या पोटाचा करडा धोबी, राखी कोतवाल, छोटे माशीमार. तलावावर अडई, चांदवा आणि बदकं.

एक आगाऊ सल्ला. दुपारची सफारी एकच आहे, तर दुसरी दुपार रिकामी असेल. ती जंगलाबाहेर घाला. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच आहेत, आणि धानाची कापणी चालू असते तेव्हा जोड्या बांधीत (भातखाचरात) सांडलेले दाणे टिपायला उतरतात. गोंदियाकडच्या परसवाडा, झिलमिली तलावांच्या बाजूला सकाळी लवकर किंवा चारनंतर बघा. पावसाळ्यात जन्मलेलं पिल्लू सोबत असेल तर त्याचं डोकं तांबूस-तपकिरी दिसतं, मोठ्यांसारखं लाल नाही. शंभर मीटरच्या आत जाऊ नका. जोडी चरणं थांबवून मान उभी करून बघायला लागली म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात. बांधावरून चाला, उभ्या धानात पाय टाकाल तर शेतकरी ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल.

गरम_कानटोपी
राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं.

दुर्बीण: नवी घेण्याआधी हे वाचा. १०x५० म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. तिच्यातून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ५० भागिले १० म्हणजे ५ मिलिमीटर, ८x४२ चा ५.२५. म्हणजे उजेडात नगण्य फरक. फरक पडतो तो थरथरीत आणि दृश्याच्या रुंदीत. दहापट मोठं करताना हाताची थरथरही दहापट दिसते, आणि अशी जुनी दुर्बीण किलोभर वजनाची असते. वडील सत्तरीचे आहेत, हलक्या ८x४२ ने त्यांना जास्त दिसेल. नवी घ्यायची नसेल तर जुनीला जिप्सीच्या दांड्यावर टेकू द्या. कापडी पिशवीत दीड-दोन किलो मूग भरून तोंड पक्कं शिवा आणि दांड्यावर ठेवा. शिवण उसवून दाणे जंगलात सांडता कामा नयेत.

घरूनच नीट लावून ठेवा. उजवा डोळा बंद करून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा बंद करून उजव्या भिंगाच्या कड्याने त्याच वस्तूवर स्पष्ट करा. त्यानंतर कड्याला हात लावायचा नाही, फक्त चाक फिरवायचं. एकच दुर्बीण दोघांत फिरणार असेल तर दुसऱ्याची कड्याची खूण पेनाने करून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ जुळवण्यात जातो.

दुर्बीण किंवा कॅमेरा गोधडीत, अंगाशी धरून ठेवू नका. थंड भिंग ऊबदार दमट हवेत गेलं की धुकं धरतं. बाहेरच राहू द्या, श्वास भिंगावर सोडू नका, आणि परत आल्यावर बॅग बंदच ठेवा, अर्ध्या तासाने उघडा.

थंडी: पहाटे पारा १०-१२ अंशांवर असू शकतो आणि उघड्या जिप्सीत वारा थेट लागतो. जाड स्वेटर एकच घालण्यापेक्षा सुती, त्यावर लोकरी, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे, गुडघ्यांवर घोंगडी. साडेनऊनंतर सगळं उतरवावं लागतं. रंग मळकट: खाकी, मातकट, गडद हिरवा. आईवडिलांना ड्रायव्हरच्या लगेच मागच्या बाकावर बसवा, सर्वांत मागचा बाक चाकांच्या वर येतो आणि कंबर मोडतो. निघण्याआधी चहा अर्धाच प्या. फेरीत स्वच्छतागृह मोजक्याच ठिकाणी, आणि वाटेत उतरता येत नाही.

पायी फिरणार असाल (गावाच्या कडेला, निसर्गवाटेवर, अर्थात वनरक्षक किंवा गाइडसोबतच), तर तीन त्रास नेमके याच महिन्यात. पहिला कुसळ: वाळलेल्या कुसळी गवताचे भाले मोज्यात घुसतात आणि चालताना आत सरकत जातात. लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची विजार, बुटांवर पायपट्टी. दुसरा खाजकुइली: वेलीवर लटकणाऱ्या तपकिरी, मखमली, वाकड्या शेंगा, दिसायला सुंदर. हात लावू नका, वाऱ्याच्या दिशेला उभंही राहू नका. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने कुसं आत रुततात. चिकटपट्टी लावून उचला, मग धुवा.

तिसरा जरा गंभीर. पावसाळ्यानंतर विदर्भात स्क्रब टायफस हा तापाचा आजार आढळतो. गवतातल्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्याने होतो. गवतावर थेट बसू-लोळू नका, बाही पूर्ण ठेवा, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करा. सहलीनंतर तीन आठवड्यांच्या आत ताप, डोकेदुखी सुरू झाली तर काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली आहे का बघा. ती नसली तरी डॉक्टरांना ‘जंगलात, गवतात गेलो होतो’ हे आपणहून सांगा. वेळेत औषध सुरू झालं तर लवकर उतार पडतो, उशीर झाला तर प्रकरण वाढतं, आणि वयस्करांत लवकर वाढतं.